कॅप्टनच्या खोट्या हाका

"हात तयार?"

कोणालाही काहीही द्यायच्या आधी कॅप्टन हे विचारायचे. चहाचा ग्लास असो, घराची किल्ली असो की लग्नाची पत्रिका असो. समोरच्याने दोन्ही हात छातीपुढे, बोटं पसरून धरले की मगच ती वस्तू पुढे यायची. वसाहतीत नवीन दूधवाला आला तेव्हा त्याला कळेचना की हे काका नोट दाखवतात, पण देत का नाहीत. तो एक हात पुढे करून उभा आणि कॅप्टन दारात नोट धरून उभे. "दोन्ही. दोन्ही हात आण. पडलं तर कोण जबाबदार?"

आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, नोट आहे ती, चेंडू नाही. सोडा त्याला!"

असा एखादा माणूस तुमच्याही वस्तीत असेल. एकच खेळ आयुष्यभर खेळलेला आणि मग चालता-बोलताना, भाजी घेतानाही तोच खेळत राहिलेला. त्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्याकडे ते कोणी वापरतही नव्हतं. बँकेतून माणूस चौकशीला आला आणि त्याने कागदावरचं नाव उच्चारलं, तेव्हा शेजारच्या आजींनी "असं कोणी राहत नाही इथे" म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

शहाडच्या अलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याची कामगार वसाहत आहे, तिथे आम्ही राहतो. माझे वडील त्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पाहुणे यायचे तसे पत्रकांचे गठ्ठे यायचे, राहायचे आणि जायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मला पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या आधी पाठ होतं. पुढे मी स्वतः लिहायला लागले. पाण्याच्या टँकरवर, शाळेच्या फीवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर. कॅप्टन मला 'पत्रकवाली' म्हणायचे. "काय पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?"

कॅप्टन त्याच कारखान्यात होते, पण कामगार म्हणून त्यांना कोणी घेतलं नव्हतं. त्यांना घेतलं होतं बास्केटबॉलसाठी. तेव्हा कारखान्यांचे संघ असायचे. दोन चांगले खेळाडू बाजूच्या कारखान्यात गेले, म्हणून आमच्या कारखान्याने कल्याणच्या एका शाळेच्या मैदानावरून या उंच, काळ्या, अनवाणी पोराला उचललं आणि कायम केलं. सकाळी मशीन, दुपारनंतर सराव. त्या एका नोकरीवर त्यांनी दोन बहिणींची लग्नं केली, आईला स्वतःचं घर दाखवलं. खेळ पोट भरतो, हे त्यांच्यासाठी मत नव्हतं. ते त्यांनी जगून पाहिलं होतं.

मग कारखाना बंद पडला. संघ त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. उरलं ते वसाहतीच्या मागचं सिमेंटचं कोर्ट. जाळ्या कधीच गेल्या होत्या, नुसत्या रिंगा होत्या. कॅप्टन रोज संध्याकाळी तिथे शिकवायचे आणि त्यासाठी कधी कोणाकडून काही घेतलं नाही.

या कोर्टाची एक रीत होती, ती समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

खेळायला येणारे सगळे कामावरून येणारे. कोणी पार्सल पोचवतो, कोणी औषधांच्या दुकानात, कोणी ठाण्यात माजिवड्याला ऑफिसात. सगळे जमेपर्यंत उजेड गेलेला असायचा. कोर्टाजवळ दिव्याचा एकच खांब, त्याचा प्रकाश अर्ध्या कोर्टावर पडायचा. उरलेल्या अर्ध्यात माणूस म्हणजे नुसता आकार. मी महापालिकेला दिव्यासाठी अर्ज लिहायचे. कॅप्टनांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी प्रत्येकाला एक हाक दिली. समीरची 'ओ-हो', निखिलची 'हुप', कोणाची शिट्टी, कोणाची टाळी. अंधारातून हाक आली की न बघता तिकडे पास. "डोळा फसवतो, कान नाही," कॅप्टन म्हणायचे. मी लहानपणी तिथे खेळायचे तेव्हा मात्र मला हाक मिळाली नव्हती. "तुला कशाला? तू श्वास घेतलास तरी उल्हासनगरपर्यंत ऐकू जातं."

बाहेरच्या कोणी ते पाहिलं असतं तर त्याला जादू वाटली असती. अर्ध्या उजेडातून चेंडू काळोखात जायचा आणि तिथे कोणाच्या तरी हातात 'फट्' असा आवाज यायचा.

निखिल त्यांच्यातला सगळ्यात चांगला. पंचविशीचा, दिवसभर स्कूटरवर पार्सलं वाहणारा, अबोल. घरी आई आणि तो. कॅप्टन त्याच्याबद्दल फार बोलायचे नाहीत. पण तो आला नाही त्या दिवशी ते दर पाच मिनिटांनी गेटकडे बघायचे.

आणि मग ती लीग आली.

माजिवड्याच्या पुलाजवळ मोठं होर्डिंग लागलं. छोट्या शहरांची नवी, व्यावसायिक बास्केटबॉल लीग. ठाण्याचाही संघ, त्याला ठाण्यात कोणीच कधी न पाहिलेल्या एका प्राण्याचं इंग्रजी नाव. होर्डिंगवरच्या माणसाच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या. समीरने फोटो काढून आणला. कॅप्टनांनी तो फोन दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"पगार देणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कॉन्ट्रॅक्ट देणार, काका. निवड चाचणी आहे, मग लिलाव."

लिलाव हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. माणसांचा लिलाव! बोली लावायची, हातोडा मारायचा आणि टाळ्या वाजवायच्या! ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठी झगडा केला, त्या घरांतल्या पोरांनी आता स्टेजवर उभं राहून स्वतःची किंमत ऐकायची? मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. शीर्षक: 'आम्ही विकाऊ नाही'. छापून आणलं आणि पहिलं कॅप्टनांना दिलं.

त्यांनी ते दिव्याखाली उभं राहून पूर्ण वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"चांगलं लिहिलंयस."

"मग वाटू ना?"

"मला पण विकतच घेतलेलं गं. कारखान्याने. बाजूच्यांनी जास्त सांगितलेलं, मग आमच्यांनी अजून थोडं वाढवलं. त्या दिवशी आईने शिरा केलेला. अख्ख्या चाळीला वाटलेला." मग म्हणाले, "निखिलचं होऊ दे. मग वाट."

पत्रकांचा गठ्ठा मी घरी नेऊन पलंगाखाली सरकवला.

चाचणीला आम्ही चौघे गेलो. कॅप्टन, निखिल, समीर आणि मी. ठाण्यात बसमधून उतरून पुढे रिक्षा. कॅप्टनांना तेव्हा श्वास लागायला सुरुवात झाली होती. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी ते आम्हाला असं सांगितलं की जणू रिंगचा एखादा नट गंजलाय. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि जिना चढताना दोनदा थांबून भिंतीवरची चित्रं बघितल्यासारखं केलं.

आत लाकडी कोर्ट. वर इतके दिवे की कोणाची सावलीच पडत नव्हती. निखिल दारातच थबकला. "काका, एवढा उजेड?"

"डोळे सरावतील. जा."

मुलांना लाल आणि निळ्या जाळीच्या बंड्या दिल्या. निखिल लाल, समीर निळा. शिट्टी झाली. पहिली काही मिनिटं निखिल असा खेळला की बाकावरचे प्रशिक्षक पुढे वाकले. कॅप्टनांनी माझा दंड धरून ठेवला होता, त्यांना ते माहीतही नसावं.

मग समीर डाव्या कोपऱ्यात मोकळा झाला आणि सवयीने ओरडला, "ओ-हो!"

निखिलने मान न वळवता पास दिला. अचूक. समीरच्या छातीवर. समीर निळा होता.

कोणीतरी हसलं. समीरचं तोंड उघडंच राहिलं, बास्केट करायचंही त्याला सुचलं नाही. निखिलने डोक्याला हात लावला, प्रशिक्षकांची माफी मागितली. खेळ पुढे गेला. समीर आता ओठ दाबून पळत होता. पण वर्षानुवर्षांची सवय आहे ती. शेवटी चुरस लागली, अंगात वारं शिरलं आणि समीरच्या तोंडून पुन्हा तेच निघालं. आणि निखिलने पुन्हा तेच केलं.

या वेळी सगळे हसले. "भाई, तू किस टीम में है?" असं एकाने विचारलं.

निवडलेल्यांची नावं वाचली त्यात दोघेही नव्हते. बाहेरगावचे ते प्रशिक्षक मात्र स्वतःहून कॅप्टनांजवळ आले. भले माणूस होते. "लडका अच्छा है, सर. लेकिन देखता किधर है? सीझन के बीच में बदली के खिलाडी लेंगे. तब लाइए."

परतीच्या बसमध्ये समीर रडत होता. "माझ्यामुळे झालं, निख्या. माझं थोबाड फोड." निखिल म्हणाला, "गप रे. मीच दिला ना पास." कॅप्टन बाहेर बघत होते. माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं. ज्यांना दिवा मिळाला नाही त्यांनी अंधारात खेळ शोधला, आणि तुमच्या उजेडात तुम्ही त्यांना हसलात! मी ते कॅप्टनांना बोलूनही दाखवलं.

"त्यांचं काय चुकलं?" ते म्हणाले. "पास चुकीचा होता."

"पण कॅप्टन, तुम्ही त्यांना तसं शिकवलं कारण आपल्याकडे..."

"हो. मी शिकवलं." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. बस कल्याणच्या पत्री पुलावर अडकली होती. सगळीकडे हॉर्न वाजत होते. एवढ्या आवाजातही त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

लीगचं उद्‌घाटन झालं तेव्हा निखिल आला नाही, पार्सलं आहेत म्हणाला. कॅप्टन मात्र हट्टाने गेले. मी आणि काकू त्यांच्या दोन बाजूंना. मी तिथे तोंड वाकडं करून बसले होते हे कबूल. धूर सोडत होते, नाचत होते, माइकवाला 'ठाणेऽऽ' असं ओरडून घसा फाडत होता. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. धुराने कॅप्टनांना खोकला आला, काकूंनी पदर त्यांच्या नाकाला लावला, तो बाजूला सारून ते बघत राहिले. जळगावकडचा कोणी एक बुटका पोरगा होता, वाघासारखा खेळत होता.

"याला मिळतो ना पगार?"

"मिळतो, कॅप्टन."

"दर महिन्याला?"

"नाही. सीझनचा."

"असू दे." ते मागे टेकले. "मिळतो ना."

ठाण्याचा संघ हरला. सामना सुटताना कॅप्टन हसत टाळ्या वाजवत होते. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्या लग्नातही एवढे हसले नव्हते बाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते काम सुरू केलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

कोर्टाच्या अंधाऱ्या बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसायचे. उभं राहणं आता जमत नव्हतं. खेळ सुरू झाला की ते तिथून हाका मारायचे. समीरची हाक. शिट्टी. टाळी. सगळ्या खोट्या. समीर एकीकडे आणि 'ओ-हो' दुसरीकडून. निखिलला सांगितलं होतं, "कानाला येईल ते खोटं समज. डोळ्याला दिसेल त्यालाच पास. माझा आवाज आला तर मुळीच नाही."

पहिले काही दिवस भयंकर गेले. निखिल हाक आली की पास द्यायचा आणि चेंडू कॅप्टनांच्या खुर्चीवर जाऊन आदळायचा. एकदा मांडीवर बसला. "परत," ते म्हणाले.

ते नकला उत्तम करायचे, हे आम्हाला तेव्हाच कळलं. निखिलच्या आईचा आवाज तर असा काढायचे की तीच आली वाटावं. "निखिऽऽल, गॅस संपला रे!" निखिल वळायचा, पाठीत चेंडू बसायचा आणि सगळं कोर्ट हसून लोळायचं. मग काकूही सामील झाल्या. गॅलरीतून ओरडायच्या, "निखिल, चहा झालाऽऽ!" चहाला तो सगळ्यात जास्त वेळा फसला.

"आई नको, मैत्रीण नको, चहा हवा होय रे तुला?" कॅप्टन हसता हसता खोकायचे आणि मग बराच वेळ खोकतच राहायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही? एवढी वर्षं घालून शिकवलंत आणि आता स्वतःच पुसताय."

"ते अंधारासाठी होतं," ते म्हणाले. "तिथे उजेड आहे."

मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

हळूहळू निखिल बदलला. मान वर, नजर सगळीकडे. हाका त्याच्या अंगावरून वाऱ्यासारख्या जायला लागल्या. एका संध्याकाळी कॅप्टनांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या हाका मारल्या, आईची, चहाची, समीरची, आणि निखिल एकदाही वळला नाही. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, समीरने त्याला उचललं. कॅप्टन चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चष्मा स्वच्छ झाल्यावरही पुसत होते. आपण नावाने हाक मारली की जो धावत यायचा, त्याने यापुढे येऊ नये म्हणून रोज घसा सुकवायचा, हे काय असतं ते मला कुठल्या पत्रकात मावेल असं वाटत नाही.

बदली खेळाडूंची चाचणी जवळ आली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले होते. त्यांचा आवाज बारीक झाला होता, हाका फार दूर जात नव्हत्या. त्या एकदम थांबल्या. मग म्हणाले, "निखिल."

ही नक्कल नव्हती. हा त्यांचाच आवाज होता. मी वळून पाहिलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ओठांचा रंग गेला होता.

"निखिल," त्यांनी पुन्हा, जमेल तेवढ्या जोराने म्हटलं.

निखिलला ते ऐकू गेलं. त्याच्या खांद्याला बारीकसा झटका बसलेला मी पाहिला. पण तो वळला नाही. उजेडाकडे बघत त्याने दूरच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या पोराला पास दिला.

मी ओरडायला उठले, तर कॅप्टनांनी माझं मनगट धरलं. त्या अवस्थेत एवढी पकड कुठून आली कोण जाणे.

"थांब. बघ," ते म्हणाले. "वळला नाही."

ते हसत होते.

मी पळत जाऊन काकूंना सांगितलं, त्यांनी गेटवरच्या रिक्षावाल्याला आत बोलावलं. त्याने आणि मी दोन बाजूंनी धरून त्यांना नेलं. खुर्ची अंधारात होती, त्यामुळे खेळणाऱ्यांना कळलंही नाही. खेळ थांबवू नका, एवढंच ते रिक्षात दोनदा म्हणाले. त्याच आठवड्यात, कल्याणच्या हॉस्पिटलात, ते गेले.

बुद्धविहारातून माणसं आली, कारखान्यातले म्हातारे जोडीदार आले. निखिल सगळ्यात पुढे होता. चाचणीला त्याला समीरने जवळजवळ ढकलत नेलं. त्याला घेतलं.

त्याचा पहिला सामना बघायला मी ठाण्याला गेले. त्याला शेवटच्या भागात थोडाच वेळ मिळाला. त्या वेळात त्याने दिलेला प्रत्येक पास बरोबर माणसाकडे गेला. हॉल ओरडत होता, माइकवाला ओरडत होता. समीर माझ्या शेजारी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसला होता. जुनी हाक निघून जाईल म्हणून.

सामना संपल्यावर निखिल खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत माझ्याजवळ येऊन बसला. अंगावर ठाण्याची जर्सी, घामाने भिजलेली. बराच वेळ तो बुटांची नाडी सोडत होता.

"एक विचारू ताई? खरं सांग. तुझ्या पत्रकात लिहितेस तसं खरं." त्याने वर बघितलं नाही. "त्या दिवशी त्यांनी खरंच हाक मारलेली ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. सराव होता रे, रोजच्यासारखा, असं म्हणता आलं असतं.

"मारलेली," मी म्हणाले. "दोनदा. तू वळला नाहीस तेव्हा ते हसले. मला म्हणाले, बघ, वळला नाही."

कोर्टावर माणसं झाडू मारत होती, वरचे दिवे एकेक करून बंद होत होते. दारातून संघाचा मॅनेजर ओरडला, "निखिल! चल, बस सुटतेय!" मग पुन्हा ओरडला. मग अजून मोठ्याने.

निखिल समोर बघत बसला होता. शेवटी मीच त्याच्या खांद्याला हात लावला.